आता पाट नको

मशीन बिघडली की माणूस खोटं बोलतो. वीस-बावीस वर्षं मी लोकांच्या वॉशिंग मशीन दुरुस्त करतोय, आणि दारात पाऊल टाकल्या टाकल्या कानावर येतं ते हेच: "आम्ही काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडली." मग मी मशीन आडवी करतो, पंप उघडतो, आणि आतून नाणी निघतात, केसांच्या पिना निघतात, चड्डीच्या खिशातल्या गोट्या निघतात. एका घरात ड्रम आणि टाकीच्या मधल्या फटीत पितळेचा बाळकृष्ण सापडला. देवाचं वस्त्र धुवायला टाकताना तोही आत गेला होता. तो हरवला म्हणून त्या लोकांनी दोन महिन्यांपूर्वी धुणंभांडीवाली काढून टाकली होती. मी तो बाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी पदराने पुसला आणि देवघरात नेऊन बसवला. कामवालीला आता परत बोलावणार का, असं मी तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम बघा." मी पाना आपटला, आणि जिना उतरताना स्वतःला फार मोठा खरा माणूस समजलो.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचंय त्यात खोटं बोलणारा मीच आहे.

ऐन उमेदीत मी चितेगावला एका कारखान्यात मशीनच्या जुळणीवर होतो. मशीन खोक्यात जाण्याआधी तिच्या अंगात करंट उतरतोय का, हे तपासल्याशिवाय पुढे सोडायची नाही, ही शिस्त तिथं अंगात भिनली होती. ती नोकरी सुटली आणि मी स्कूटरच्या डिकीत हत्यारं टाकून घरोघर हिंडायला लागलो. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एखादा दिवस पाणी येतं, तेही कधी येतं, कधी येत नाही. त्यामुळे मशीनही त्याच दिवशी लागते आणि त्याच दिवशी बिघडते. पाण्याच्या दिवशी माझा फोन खाली ठेवता येत नाही. जाळीत गाळ अडकलेला असतो, नाहीतर बोअरच्या पाण्याने आत चुन्यासारखा थर धरलेला असतो, नाहीतर उंदरांनी खालून वायरी कुरतडलेल्या असतात. आणि बाई एका हाताने हौद भरत दुसऱ्या हाताने मला हाक मारत असते, की पाणी जाईल, लवकर करा.

जुन्या घरांत एक तक्रार ठरलेली असते. मशीन चावते. पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, हात ओला असला तर जास्तच. कारण साधं आहे. प्लगला तीन पिना असतात. एकीतून करंट येतो, दुसरीतून परत जातो, आणि तिसरी, ती वरची जाड पिन, पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेऊन सोडते. हिला अर्थिंग म्हणतात. जुन्या घरांत भिंतीतून दोनच वायरी आलेल्या असतात आणि बोर्डातलं तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. करंटला जायला वाट नाही, म्हणून तो माणसाच्या हातातून वाट काढतो. बायका त्यावर आपला तोडगा काढतात. जेवायला बसायचा लाकडी पाट आणतात, मशीनपुढे टाकतात आणि त्यावर उभं राहून धुणं लावतात. पाटावर उभं राहिलं की चावत नाही.

खरा इलाज म्हणजे अंगणात खड्डा खणायचा, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घालून तो बुजवायचा आणि तिथून तिसरी वायर घरात आणायची. त्यात अर्धा दिवस जातो. खड्डा म्हटलं की लोक म्हणतात फरशी उखडेल, घरमालक ऐकणार नाही, पुढच्या वेळी बघू. म्हणून आमच्या धंद्यात पाच मिनिटांचा एक इलाज चालतो. बोर्ड उघडायचा, बोटभर वायरीचा तुकडा घ्यायचा आणि परतीच्या वायरीचं भोक आतल्या आत अर्थिंगच्या भोकाला जोडून टाकायचं. पत्र्यातला करंट परतीच्या वायरीने निघून जातो, झिणझिण्या बंद होतात, आणि बाई म्हणते, तुमच्या हाताला गुण आहे.

हे करू नये, हे मला चांगलं ठाऊक होतं. भिंतीतल्या त्या दोन वायरी कधी कुणी उलट्या केल्या, तर परतीच्या वायरीत करंट येतो आणि त्या तुकड्यावरून सरळ मशीनच्या पत्र्यावर चढतो. मग झिणझिण्या नसतात, पुरा करंट असतो. मशीनचं बटण बंद असलं तरी असतो. पण मी मनाशी म्हणायचो, कोण कशाला उलट्या करतंय. तुकडाही मी मुद्दाम हिरव्या वायरीचा घ्यायचो. अर्थिंगची वायर हिरवी असते. कुणी बोर्ड उघडलाच, तर त्याला काम नीट केलंय असं वाटावं.

माझी थोरली बहीण हर्सूलला राहायची. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून माझ्या शाळेच्या चड्ड्या धुण्यापर्यंत सगळं अक्कानंच केलं. साठी उलटली तरी ती दगडावर कपडे आपटायची. पाठ धरली की भिंतीला टेकून उभी राहायची आणि पुन्हा वाकायची. मी गावभर लोकांच्या मशीन बऱ्या करत हिंडत होतो, आणि माझ्या बहिणीच्या घरी मशीन नव्हती. याची मला लाज वाटायची, पण ती वाटून मी काही करत नव्हतो. शेवटी एका घरातून टाकून दिलेली पत्र्याची मोठी मशीन मी उचलली, मोटार बदलली, गंज खरवडून रंग मारला, आणि भाऊबीजेच्या सकाळी छोट्या टेम्पोतून हर्सूलला नेली.

अक्काचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, शाळेत क्लार्क होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असायचा. घरातला पंखा, मोटार, इस्त्री सगळं स्वतःच उघडायचे. मला ते 'कंपनीवाले' म्हणून चिडवायचे, मी त्यांना 'बिनपगारी वायरमन' म्हणायचो. त्या दिवशी ते म्हणाले, "कंपनीवाले, भंगार आणलं का काय बहिणीला?" मी म्हणालो, "चालू करून बघा, मग बोला." अक्का नुसती मशीनकडे बघत होती. तिनं झाकण उघडून आत डोकावलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

पाणी भरलं, बटण दाबलं, आणि तिनं पत्र्यावर हात ठेवला.

"आगं बया! चावती की रं ही!"

दाजी हसले. अक्कानं पाट आणला, मशीनपुढे टाकला आणि त्यावर उभी राहिली. "आता नाय चावत. असू दे की असंच. मी पाटावर हुभी ऱ्हाईन."

असू द्यायला हवं होतं. पण ओवाळणीत दिलेली मशीन बहिणीला चावते, हे मला सहन होईना. त्यात दाजी हसलेले. खड्ड्याचा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला सांगू. अंगण कच्चंच होतं, कुदळही कोपऱ्यात होती. पण आत ताट तयार होतं, दुपारी बायकोला तिच्या भावाकडे न्यायचं होतं. मी बोर्ड उघडला, हत्यारांच्या पिशवीतून हिरवा तुकडा काढला आणि पाच मिनिटांत जोडून टाकला. अक्कानं भीतभीत बोट लावलं, मग पुरा पंजा ठेवला, आणि हसली.

मी म्हणालो, "आता पाट नको."

तिनं पाट उचलला, पदराने पुसला, आतल्या खोलीत नेऊन मांडला आणि मला त्यावर बसवून ओवाळलं.

पुढच्या उन्हाळ्यात वळवाचा एक वादळी पाऊस झाला. हर्सूलकडे झाडं पडली, तारा तुटल्या. दाजींच्या घरावर येणारी वायर मीटरपाशी जळाली. खांबावरचं काम दोन दिवसांनी झालं, पण घराकडच्या जोडणीला माणूस येईना. दाजींनी वाट बघितली नाही. वरचा पुरवठा पुन्हा गेला तेवढ्यात स्टुलावर चढून जळकी टोकं कापली आणि दोन्ही वायरी स्वतः जोडल्या. दोन्ही काळ्या पडल्या होत्या, कुठली कोणती ते कळत नव्हतं. करंट आला तेव्हा दिवे लागले, पंखा फिरला, फ्रीज गुरगुरला. वायरी उलट्या झाल्या तरी दिव्याला आणि पंख्याला काही फरक पडत नाही. दाजींनी मला फोन करून सांगितलं, "बिनपगारी वायरमननं घर उजळलं बघ."

तीन दिवसांनी पाणी आलं. अक्कानं आठवड्याचं धुणं काढलं, बादलीत साबणाच्या पाण्यात घोळलं, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून मशीनचं झाकण उघडायला हात घातला.

मी त्या वेळी सिडकोत एका मशीनखाली आडवा होतो. फोन दाजींच्या शेजाऱ्यांचा होता. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्यावर चादर ओढलेली होती. उजवा हात बाहेर राहिला होता. बोटांना अजून साबणाच्या पाण्याच्या सुरकुत्या होत्या.

पोलीस आले, पंचनामा झाला. मशीनचा शॉक लागला, एवढं लिहून ते गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. पुण्याहून आलेला भाचा, अक्काचा मुलगा, म्हणाला, "मामा, तुम्हीच बघा नेमकं काय झालं ते." सगळे नातेवाईक ओसरीत बसले होते. मी मेन स्विच पाडला, आत गेलो, बोर्ड उघडला. हिरवा तुकडा तिथंच होता, मी सोडला तसा. मी तो काढला, मुठीत घेतला आणि खिशात टाकला. बाहेर येऊन म्हणालो, "मोटारीत पाणी गेलं होतं. जुनी मशीन." सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या शब्दावर कुणाचा अविश्वास असणार, मी त्यातला माणूस.

एकट्या दाजींनी मान हलवली नाही. मेन स्विच पुन्हा चढवल्यावर ते टेस्टर घेऊन मीटरपाशी गेले, एकेका वायरीला लावून बघितला, आणि तिथंच खाली बसले.

"म्या उलट्या जोडल्या," ते म्हणाले. "मोटारबिटार काय नाय. म्या मारलं तिला."

मी म्हणालो, "दाजी, असं काही नसतं." वायरी उलट्या होत्या हे खरं होतं. पण नुसत्या उलट्या वायरींनी मशीनचा पत्रा मारत नाही. फार तर पहिल्यासारखा चावला असता. तिला मारायला तो तुकडा लागला, आणि तो माझ्या खिशात होता.

भाच्यानं मीटरपाशी माणूस बोलावून वायरी सुलट करून घेतल्या आणि मशीन ओसरीत काढून झाकून ठेवली. बापाला पुण्याला न्यायचा खूप प्रयत्न केला. दाजी हलले नाहीत. टेस्टर त्यांनी फेकून दिला. घरातल्या एकाही बटणाला हात लावायचं त्यांनी सोडलं. दिवेलागणीला अंधारातच बसून राहायचे. शेजारची बाई डबा द्यायची, तो सकाळी तसाच परत जायचा. गणपतीपर्यंत त्यांच्या गळ्यातलं हाड न् हाड दिसायला लागलं. भाच्याचा दर आठ दिवसांनी फोन यायचा, "मामा, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील. असंच चाललं तर बाबा राहायचे नाहीत." मी म्हणायचो, सांगतो. एका वाक्यात त्या माणसाच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. ते वाक्य मी बोलत नव्हतो, कारण ते बोललो की तो धोंडा माझ्यावर येणार होता, आणि हर्सूलचं दार बंद होणार होतं.

त्याऐवजी मी काय केलं? लोकांच्या घरातले तुकडे काढत सुटलो. वहीत कधी नोंद ठेवली नव्हती, आठवेल ते दार वाजवायचं. फुकट तपासणी आहे म्हणून सांगायचं, बोर्ड उघडायचा, तुकडा काढायचा आणि खड्डा खणून देतो म्हणायचं. लोकांना वाटायचं याचं डोकं फिरलंय. पडेगावला एक म्हातारी आहे, मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो, तिची मशीन मी तीनदा उघडली असेल. तुकडा काढल्यावर तिनं पत्र्याला हात लावला आणि उडालीच.

"अब्बी तक तो अच्छी चल रई थी ना, बाबा! तुम आके बिगाड़ दिये."

मी म्हणालो, "खाला, पाट लेके खड़े रहो. आज से पाट के बगैर हात नको लगाओ."

"तुमीच तो बोले थे, पाट नको अब!"

मी तिच्या अंगणात त्याच दुपारी खड्डा खणला. तिनं पाणी आणून दिलं, चहा दिला, आणि पोरगा घरी आला की त्याला सांगेन म्हणाली, की मशीनवाला भला माणूस आहे. मी चहा अर्धा टाकून उठलो. आणि घरी जाताना कळलं की मी परक्यांच्या दारात धाडस दाखवतोय, कारण हर्सूलला जायची हिंमत नाही.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी मी फोन बंद केला आणि हर्सूलला गेलो. दाजी मोरीत उकिडवे बसून स्वतःचा सदरा दगडावर घासत होते. हातात जोर नव्हता, नुसता हात फिरत होता. मी समोर बसलो आणि एका दमात सांगितलं. तुकडा कुठं होता, कुणी घातला, कधी काढला, सगळं.

त्यांनी सदरा पिळला. "तुला पोरानं पाठवलं व्हय? माझं मन राखाया असलं कायबी सांगू नगंस."

मी खरं बोललो होतो आणि ते खोटं ठरलं होतं. मला स्वतःचाच इतका राग आला की मी ओरडलो, "दाजी, उठा! दाखवतो!"

ओसरीतली मशीन मी ओढत बोर्डापाशी आणली. मेन स्विच पाडला आणि बोर्डातल्या दोन वायरी उलट्या केल्या, त्या दिवशी होत्या तशा. तुकडा घातला नाही. रबराची चप्पल दाजींच्या पायात घातली, पाट आणला, त्यावर त्यांना उभं केलं आणि माझा टेस्टर त्यांच्या हातात दिला. मेन चढवला, प्लग घातला. "लावा पत्र्याला." टेस्टरचा दिवा लागला न लागला, नुसता मिणमिणला. "या तुमच्या उलट्या वायरी," मी म्हणालो. "एवढंच चावलं असतं."

मग मेन पाडला, खिशातून तो हिरवा तुकडा काढला, त्यांच्या डोळ्यांसमोर जोडला, आणि मेन पुन्हा चढवला. "आता लावा."

दिवा लख्ख पेटला. दाजी कितीतरी वेळ टेस्टर तसाच धरून उभे होते. मी मेन पाडला तरी त्यांचा हात पत्र्यावरच होता.

ते पाटावरून उतरले आणि पाटाकडे बघत राहिले. "त्या सकाळी ती पाट आणाया चालली हुती," ते हळूच म्हणाले. "म्हणली, पावसानं भिंत वल्ली हाय, भ्या वाटतं. म्याच म्हणलं, कशाला? तुझा भाऊ कंपनीतला माणूस हाय. त्यो म्हणला ना नको, मग नको."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी टेस्टर माझ्या पिशवीत टाकला, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जा आता. पुन्यांदा येऊ नगंस."

मी वायरी सुलट केल्या, तुकडा काढला आणि निघालो. त्यांनी मागून दार लावलं.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. आवाज हलका झाला होता. "मामा, शेजारच्या काकू सांगत होत्या, बाबा जेवले आज. पुरा डबा संपवला. आणि घरात दिवा लावलाय. काय जादू केलीत?"

मोटारीत पाणी, असं पुन्हा काहीतरी सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. मी त्याला सगळं सांगितलं, बापाला सांगितलं तसंच. मग त्यानं, मामा न म्हणता, विचारलं, "असे अजून किती घरांत आहेत?"

"आठवतात तेवढ्यांतले काढले."

"आणि आठवत नाहीत ते?"

फोन ठेवला त्यानं. यंदाची भाऊबीज गेली, हर्सूलचं दार उघडलं नाही, आणि उघडावं असं मी कुणाला म्हणणारही नाही. पण त्याच्या त्या प्रश्नासाठी हे लिहून ठेवतोय. तुमच्या घरातली मशीन पूर्वी चावत असेल, आणि कधी एखाद्या स्कूटरवाल्या माणसाने येऊन पाच मिनिटांत ती बरी करून दिली असेल, तर तो बहुतेक मीच होतो. प्लग काढा, बोर्ड उघडवून घ्या. आणि तोवर पाटावर उभे राहा.